रेवाअक्काचं गोखरू

अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दुसरा दिवस होता. मी पारोळ्याला माहेरी होते आणि, खरं तेच सांगते, झोक्यावर होते. चाळिशीला टेकलेली बाई लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर काय करते, असं कोणी विचारू नये. खानदेशात अखजीला माहेरी आलेली लेक ही लेकच असते, मग तिच्या डोक्यात चार पांढरे केस का दिसेनात. तेवढ्यात समोरच्या किराणा दुकानातले अण्णा हाका मारत आले, "मालती, तुना सासरथून फोन शे वं!" फोनवर माझा पुतण्या प्रकाश होता. म्हणाला, "काकू, माय गयी..." माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला ते लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण तो जिच्याबद्दल होता तिनं ऐकला असता तर ती हसलीच असती. मी म्हणाले, "अखजीलाच?"

रेवाअक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात अखजी ही एकच गोष्ट अशी होती, जी माझ्याकडे होती आणि तिच्याकडे नव्हती. बाकी सगळं तिच्याकडे. सासूचा जीव तिच्यावर, गावाची रीघ तिच्या ओट्यावर, माझ्या नवऱ्याचं उठता बसता 'वहिनी, वहिनी' तिच्यापाशी. आणि बाईनं जायला सण निवडला तो नेमका माझा. पारोळ्याहून अमळनेर, अमळनेरहून चोपड्याची गाडी, तिथून पुढे तापीकाठचं आमचं गाव. वाटभर मी खिडकीशी बसून रडायचा प्रयत्न करत होते आणि रडू येत नव्हतं. मांडीवर सांजोऱ्यांचा डबा होता. तो कोणासाठी होता ते पुढे सांगते. येत होता तो राग.

घरी पोचले तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या दोन गावांतून बाया आलेल्या. एकजण आपल्या पोराला पुढे धरून छाती पिटत म्हणत होती, "मना आंडोरले तिनीच वाचाडं वं माय!" दुसरी म्हणत होती, अशी बाई आता होणे नाही. अहो, मेलेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंतपणी याच बायांनी तिला 'काटेवाली' म्हणून नावं ठेवलेली मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. पण मला खरं टोचलं ते निराळंच. रडता रडता प्रत्येक जण एकदा तरी अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे बघत होतं. वाळूच्या ढिगाकडे. वैशाखात तिथे होतं तरी काय? चार वाळक्या काड्या आणि काटेरी फळं. तरी सगळे तिकडेच बघत होते. मी मेले तर लोक माझ्या अंगणात कुठे बघतील? नळाकडे?

'जावा जावा अन् उभा दावा' ही म्हण जिनं कोणी केली तिला माझा नमस्कार. अक्का लग्न होऊन आली तेव्हा मी पारोळ्याच्या शाळेत पाढे म्हणत होते, त्यामुळे तिचं येणं मी पाहिलेलं नाही. पण जिजींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, ते मला इतक्यांदा ऐकवलं की पाहिल्यातच जमा. अक्काचे वडील मूळचे आमच्याच भागातले. पोटासाठी सुरतेच्या पुढे, तापी जिथे समुद्राला मिळते त्या अंगाला जाऊन राहिले. आमच्या गावाला वळसा घालून जाते तीच तापी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की वाळू, अशा घरात अक्का वाढली. लेक सासरी निघाली तेव्हा तिच्या आईनं ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि वरून मूठभर गोखरू. खानदेशाचं ऊन मोठं, तिथे माणसाला उन्हाळी लागते, लघवीला आग होते, लेकीपाशी औषध असावं, एवढाच त्या माउलीचा विचार. इकडे जिजींनी कौतुकानं नव्या सुनेच्या ओटीत हात घातला आणि "वं माय!" करून झटक्यात मागे घेतला. बोटाला रक्त! गल्लीभर झालं, सून सोन्याऐवजी काटा घेऊन आली: "लोकेसन्या सुना सोनं लई येतीस, हाई काटा लई उनी!"

आणि आमच्याकडे काट्यांची काय वाण होती? सराटे तर पावलोपावली. बैलाच्या खुरात जातात, सायकलची ट्यूब पंक्चर करतात, अनवाणी पोरांना रडवतात. ते लहान गोखरू. अक्कानं आणलं ते मोठं. हे समुद्राकाठच्या कोरड्या रेतीतलं रोप, आपल्याकडे कोणी मुद्दाम लावणार नाही असं. गुडघ्याएवढंही होत नाही, जमिनीला धरून पसरतं. जाडसर, रसाळ पानं, चुरगळली की उग्र वास. फूल मात्र देखणं, पिवळंधमक. फळाला चार कोपरे आणि चारी कोपऱ्यांना काटे. घराला स्लॅब टाकला तेव्हा नदीतून आणलेली थोडी वाळू अंगणाच्या कोपऱ्यात उरली होती. ती उचलून न्यायला गडी आले तर अक्का फावड्यापुढे उभी राहिली म्हणे. "हाई राहू द्या, मनी शे." ओटीतली फळं तिनं त्याच वाळूत टाकली. नवी सून वाळूसाठी भांडते हे गावानं तेव्हाच पाहिलं.

आता त्या रोपाचं खरं काय ते सांगते, म्हणजे माझा जळफळाट तुम्हाला कळेल. गोखरूची ताजी काडी पानांसकट तोडायची आणि भांडंभर पाण्यात नुसती फिरवायची. वाटायचं नाही, उकळायचं नाही. फिरवता फिरवता पाणी दाट होत जातं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. रंग नाही, चव नाही. पाण्याला तारच येते. ते खडीसाखर घालून लगेच प्यायचं. कारण ठेवलं तर दुपारपर्यंत त्याचं पुन्हा साधं पाणी होतं. म्हणून ते घरी नेता येत नाही, बाटलीत भरून मुलाकडे पाठवता येत नाही. ज्याला हवं त्यानं सकाळी अक्काच्या ओट्यावर येऊन बसायचं. पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढपर्यंत आमच्या दारात रोज माणसं. उन्हाळी लागलेले, मुतखड्याचे, अंगात उष्णतेची कडकी भरलेले. अक्का कोणाकडून काही घेत नसे, घेतलं तर औषधाचा गुण जातो म्हणे. मी घरात भाकरी थापत असायची आणि बाहेरून एकच सूर, "अक्का... अक्का... रेवाअक्का..."

बरं, काडी तोडायचीही तिची तऱ्हा. आदल्या सांजेला रोपापाशी जायचं, हळदकुंकू वाहायचं आणि त्याला आवतण द्यायचं, "सकायले येस वं माय, तयार राहा." सकाळी उठल्यावर कोणाशी न बोलता जाऊन खुडायचं. रोज संध्याकाळी ही बाई एका काटेरी झुडपाशी इतक्या लाडानं बोलायची, आणि आम्ही एका घरात राहून आमच्याशी बोलायची ते "तवा उतर" आणि "गाय दोहली का?" एवढंच. सांगा, माणसाला राग येणार नाही?

एकदा जिजींचे भाऊ भर उन्हात पाहुणे आले. मी धावत ताक केलं. त्यांनी एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. "पानीच शे ना व पोरी." जिजींचं तोंड एवढंसं झालं. अक्का तेच ताक उचलून मागच्या दारी घेऊन गेली, गोखरूची एक काडी चार वेळा फिरवली आणि घेऊन आली. कवडीच्या दह्यासारखं दाट! "याले म्हंतस ताक!" मामा मिशा पुसत म्हणाले. मला राहवलं नाही. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "मामा, ताक नाही ते, गोखरूचा बुळबुळीतपणा आहे सगळा." मामांनी माझ्याकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग अजून एक तांब्या बुळबुळीत ताक दे." सगळं घर हसलं. जिजी तर डोळे पुसून पुसून हसल्या. ताक माझंच होतं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

पुढे वाटणी झाली. भाऊ भाऊ भांडले नाहीत, चुली मात्र दोन झाल्या. बसून ठरत होतं, गोठा कोणाचा, नळ कोणाचा, मागची खोली कोणाची. मी आमच्या ह्यांना आदल्या दिवशीच बजावलं होतं, दुसरं काही मिळो ना मिळो, वाळूचा कोपरा आपल्याकडे घ्या. ह्यांनी मान खाली घालून तो विषय काढला आणि पंच म्हणून बसलेले म्हातारे हसू लागले. "लोके विहिरीसाठे भांडतस, आनी तुनी बायको काटासाठे!" अक्का तोवर दाराआड उभी होती. ती पुढे आली. माझ्या थोरल्या दिरांपुढे, म्हणजे स्वतःच्या नवऱ्यापुढे, आणि पंचांपुढे ती कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली, "नळ लई ले, गोठा लई ले. कोपरा मना." झालं. नळ आमच्या वाट्याला आला. अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कमरेएवढं कुंपण पडलं. त्या नळापायी अक्का पुढे कितीतरी वर्षं चौकातून पाणी वाहत होती, डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. माझ्या दारावरून जायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मी नळाखाली भांडी घासत बसलेली. जिंकल्यासारखं एक दिवसही वाटलं नाही मला.

मग आमच्या ह्यांना मुतखडा झाला. ज्याला झालाय त्यालाच ठाऊक. माणूस जमिनीवर गडबडा लोळतो. जळगावच्या डॉक्टरनं फोटो काढला, गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. गोळ्या मी वेळेवर दिल्या, पाणी मी पाजलं, रात्ररात्र पाठ मी शेकली. आणि सकाळ झाली की हे कुंपण ओलांडून तिकडे! माझं कुंकू, दुखणं माझ्या घरातलं, आणि औषध पऱ्हाट्यांच्या पलीकडे. मी ओट्यावरून बघायची, अक्का काडी फिरवतेय, हे लहान पोरासारखे वाटी धरून बसलेत. एके दिवशी खडा पडला. गोळीनं पडला की पाण्यानं, देव जाणे. पण मोरीतून बाहेर येऊन ह्यांनी पहिली हाक कोणाला मारली असेल? "वहिनी! वहिनी, पडना वं!" खडा पडल्याचं तिला सकाळी कळलं. मला कळलं जेवायला वाढताना.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, हे रोप माझ्या अंगणात आलंच पाहिजे. मला दुसरं काही नको होतं. माझ्या घरातल्या माणसानं माझ्याच हातचं पाणी प्यावं, एवढंच. अभिमान गिळून कुंपणापाशी गेले आणि सरळ मागितलं, "अक्का, दोन फळं द्या ना." अक्का वाळूपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "मना माहेरनं शे ते. कोनले देस नही." मी म्हटलं, "पाणी तर साऱ्या गावाला वाटता!" तर म्हणे, "पानी ले ना. कितलं बी ले. रोप नही."

नाही तर नाही. कुंपणाशी उभं राहिलं की चारदोन फळं साडीच्या काठाला चिकटून येतच. काटा आपणहून माझ्या घरी चालत आला तर त्याला कोण अडवणार? मी ती फळं काढली आणि नळाजवळच्या उत्तम जागेत पेरली. आमच्या सासरी शेतीचं एकच शास्त्र आहे, केळीचं. काही उगवत नसेल तर पाणी कमी पडतंय. पाणी देऊनही धरत नसेल तर खत कमी पडतंय. तेही देऊन भागलं नाही तर पुन्हा पाणी. मी कुजलेलं शेणखत घातलं, सकाळ संध्याकाळ बादली ओतली, राखही टाकली. एखादं रोप वर यायचं, वीतभर व्हायचं, आणि पिवळं पडून बुडाशी सडायचं. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी मी आणखी खत घातलं. अक्का कुंपणावर हात टेकून हे सगळं बघायची आणि पोट धरून हसायची, "खावाड, खावाड! जवाई शे तो तुना!" सांगेल तर शपथ. पलीकडे तिच्या वाळूत, जिथे कोणी तांब्याभर पाणी ओतत नव्हतं, तिथे पिवळी फुलं नुसती पेटलेली असायची.

माझ्याकडे उरली ती अखजी. चैत्र संपत आला की पारोळ्याहून माझा भाऊ मला न्यायला मुराळी म्हणून यायचा. धुतलेला सदरा, हातात पिशवी. अक्का त्याला चहा करायची, जेवायला वाढायची. मी त्या दिवशी जरा जास्तच मोठ्यानं बोलायची, हे मी नाकारत नाही. आईनं खापरावरच्या पुरणपोळ्या करायचं ठरवलंय, झोका बांधून झालाय, मैत्रिणी सगळ्या येणार आहेत... बांगड्या वाजवत बॅग भरायची. अक्का दाराच्या चौकटीला टेकून उभी. एका वर्षी माझ्या भावानं भाबडेपणानं विचारलं, "अक्का, तुम्ही नही जातस का माहेरले?" तिनं हनुवटीनं वाळूच्या कोपऱ्याकडे दाखवलं. "मनं माहेर तठे शे, देख." तिथे तेव्हा वाळक्या काड्यांशिवाय काही नव्हतं. तिचे आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ शहरात गिरणीवर कामाला लागला आणि तिकडचाच झाला. समुद्र पुढे सरकत आला, आणि ते घर होतं तिथे आता भरतीचं पाणी येतं, असं ती एकदा जिजींना सांगताना मी ऐकलं होतं. मला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं वाटलं. पण मी भावाची पिशवी उचलली आणि गाडीसाठी निघाले. दरवर्षी निघाले.

गेली दोनेक वर्षं अक्काला दम लागायला लागला. चौकातून हंडा आणणं बंद झालं. मीच माझ्या नळाला पाइप जोडून तिच्या दारात सोडला. जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय मोठं झालंय. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघा, तेवढंही तिचंच मोठं!" हे रागावले. अक्काला कळलं तेव्हा ती मात्र खोकला लागेपर्यंत हसली.

यंदा मी पारोळ्याला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तिचा निरोप घ्यायला गेले. ती ओट्यावर बाजेवर उशांना टेकून बसली होती. समोर वाळूचा कोपरा.

"चालनी का?" तिनं विचारलं.

"चालनी."

"बठ जराशी." मी बाजेच्या कडेला बसले. ती वाळूच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मालती, तुना भाऊ आंगनमा उना का मना पोटमा आग पडे. दरसाल..."

इतकी वर्षं मी बांगड्या वाजवत होते ते तिला ऐकू जावं म्हणूनच ना? आणि ते नेमकं तिथे लागत होतं हे तिनं आज स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी म्हटलं, "आणि माझ्या पोटात तुमच्या गोखरूनं पडायची. दररोज." अक्का हसायला लागली. हसता हसता तिचा श्वास वर गेला, ओठ निळसर झाले. मी घाबरून तिची पाठ चोळत बसले. जरा शांत झाल्यावर मी लोखंड गरम आहे तोवर घाव घातला. "आता तरी सांगा, ते जगतं कसं?"

"काहीच करू नको," ती डोळे मिटून म्हणाली. "पानी नको, खत नको. फळ रेतीमा पडू दे, बठ्ठा उन्हाळा तपू दे. ते आपलं आपलं येस. जितलं कमी करशी, तितलं चांगलं."

"मग द्या ना दोन फळं."

"देस नही." डोळे मिटलेलेच, पण गालावर हसू. मग हात हलवून म्हणाली, "जाय आते, तयारी कर. आनी येतांना मनासाठे सांजोऱ्या लई येजो." इतक्या वर्षांत तिनं माझ्या माहेरचं काही मागितलं ते तेवढंच. फोन आला तेव्हा आईनं त्या गडबडीतही डबा बांधून दिला. सुतकाच्या घरात तो कोणी उघडेना. शेवटी मी त्या सांजोऱ्या कुस्करून वाळूच्या कोपऱ्यात टाकल्या आणि तिथेच, भर दुपारी, एकटी रडले. मुंग्यांनी त्या दोन दिवसांत संपवल्या.

आषाढात वाळूत अंकुर आले. कोणी पेरले नव्हते, तिनं सांगितलं होतं तसे आपले आपले आले. आणि एके सकाळी मी बघते तर प्रकाश तिथे उभा. त्यानं कोपऱ्याला विटांचं आळं केलेलं, शेणखताच्या दोन पाट्या ओतलेल्या, आणि माझ्याच नळाचा पाइप आणून सोडलेला. वाळू काळी पडून चिखल झालेली. "काकू, मायनी आठवन शे," तो म्हणाला, "चांगली सांभाळसू." डोळ्यांत पाणी पोराच्या. केळीवाल्याचा पोरगा, दुसरं काय करणार! आधीच आलेली काही रोपं पिवळी पडली होती. खरं सांगू? क्षणभर माझ्या मनात आलं, सडू दे. तिचं होतं, तिच्याबरोबर जाऊ दे. एवढी वर्षं मला दिलं नाही, आता कोणालाच नको. मी दोन पावलं मागेही फिरले. आणि मग मला तिचं ते डोळे मिटलेलं हसू दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. "काढ तो पाइप! काढ म्हणते ना!" मी अशी ओरडले की गल्लीतल्या बाया दारात आल्या. आळं मी माझ्या हातांनी उपसलं, खत पाटीत भरून परत नेलं, नदीची कोरडी वाळू आणून वर पसरली. निम्मी रोपं गेली. निम्मी राहिली.

आता श्रावणात ती पसरली आहेत. पिवळी फुलं लागली आहेत. सांजेला मी हळदकुंकू घेऊन जाते आणि म्हणते, सकाळी येते गं. लाज वाटते, पण म्हणते. सकाळी अक्काच्या ओट्यावर माणसं येतात आणि काडी मी फिरवते. पाणी माझ्या हातानंही तसंच दाट होतं, काडीमात्र फरक नाही. परवा एक म्हातारा वाटी संपवून, जीभ फिरवून म्हणाला, "अक्काना हातनी चव नही याले." ज्या पाण्याला मुळात चवच नाही, त्यालाही तिच्या हाताची चव होती म्हणे! मेली तरी माझ्या पुढेच. आणि पुढच्या अखजीला पितरांची घागर भरायची ती तिच्या नावानं. प्रकाशचं अजून लग्न नाही, म्हणजे त्या दिवशी घागर मांडायला इथे सासरी मीच हवी. मला झोक्यावरून कायमची उतरवून गेली की नाही बघा.

काल मागच्या गल्लीतली सिंधू आली. पाणी प्यायली, वाटी धुऊन पालथी घातली आणि कोपऱ्यापाशी रेंगाळली. "मालतीताई, माले दोन फळं द्या ना. मना आंगनमा लावसू." मी तोंड उघडलं ते 'ने की, पाहिजे तेवढी ने' असं म्हणायला. अक्कासारखी चिक्कू बाई जगात नाही, हे मी आजवर गावाला सांगत आले होते. आणि माझ्याच तोंडून माझ्या कानांनी ऐकलं, "मनी जेठानीनं शे ते. कोनले देस नही."

सिंधू तोंड वाकडं करून निघाली. कुंपणाला घासून गेली तेव्हा तिच्या साडीच्या काठाला गेल्या वर्षीचं एक वाळकं फळ चिकटलं. मला दिसलं. मी जाऊ दिलं. त्याला खत घालू नकोस, पाणी देऊ नकोस, हेही मी तिला सांगणार नाही. निदान एवढ्यात तरी नाही.